कठड्याला टेकलेली साखळी

आमच्या गावात कुठलंही मोठं काम निघालं की साखळी धरतात. पाणलोटाची कामं झाली तेव्हापासूनची ही सवय. नाल्यात बांध घालायचा असो की शाळेच्या आवारात मुरूम टाकायचा असो, घरटी एक माणूस येतं. सगळे खांद्याला खांदा लावून रांगेत उभे राहतात आणि दगड किंवा भरलेलं घमेलं एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात सरकत जातं. माणसं जागेवरच राहतात, वजन तेवढं चालत जातं. पारनेरच्या बाजूला पाऊस कमी आणि दगड भरपूर, त्यामुळे आमच्या लोकांचे हात या कामाला फार सरावलेले आहेत.

या साखळीत माझ्या आईची जागा ठरलेली असते. रांग सरळ असली की कुणीही कुठेही उभं राहतं, पण जिथे रांग वळते तिथे आई. वळणावरच्या माणसाला उजवीकडून घ्यायचं, अख्खं अंग फिरवायचं आणि डावीकडे द्यायचं असतं. तिथे उशीर झाला की मागे वजन तुंबतं, घाई झाली की पुढच्याच्या पायावर पडतं. आई बोलत नाही, मोजत नाही, नुसती फिरते. ती वळणावर असली की रांगेतली बाकीची माणसं गप्पा मारू शकतात. मी लहानपणापासून हे बघत आले, पण त्यात बघण्यासारखं काही आहे हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं.

मी नगरला सिव्हिल इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. बसच्या पाटीवर आता अहिल्यानगर असतं, पण कंडक्टरसुद्धा ‘नगर, नगर’ असंच ओरडतो. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजात कुणी गेलेलं नाही. त्यामुळे सुट्टीत घरी आले की मला जरा अवघडल्यासारखं होतं. शिकलेलं काही बोलावं तर आगाऊपणा वाटेल अशी भीती, आणि न बोलावं तर लोक विचारतात, ‘मंग तिथं शिकवत्यात तरी काय?’ मी बहुतेक वेळा मधला मार्ग काढते, म्हणजे हसते.

या वर्षी परीक्षा संपवून मी मे महिन्यात घरी आले, तेव्हा दूध डेअरीच्या इमारतीवर मुलांसाठी अभ्यासिका बांधायचं काम चाललं होतं. भिंती उभ्या राहिल्या होत्या. सोमवारी स्लॅब टाकायचा होता. लिफ्ट असलेलं मोठं मिक्सर आमच्या आळीत वळत नाही, म्हणून साधं मिक्सर आळीच्या तोंडाशी ठेवायचं आणि तिथून माल वर न्यायला श्रमदानाची साखळी धरायची, असं ग्रामसभेत ठरलं होतं. कालवलेल्या काँक्रीटला इकडे सगळे मालच म्हणतात.

त्यासाठी इमारतीच्या मागच्या बाजूला परांची बांधली होती. लाकडी वासे उभे करून त्यांना आडव्या बल्ल्या काथ्याने बांधलेल्या, त्यावर फळ्या टाकलेल्या, असे दोन मजले. खालच्या फळीवरची माणसं घमेलं उचलून वरच्या फळीवर देणार. वरच्या फळीवरून रांग भिंतीच्या कडेने कोपऱ्यापर्यंत जाणार, तिथे वळणार, आणि पुढून माल स्लॅबवर पडणार. वरच्या फळीला बाहेरच्या बाजूने कमरेएवढ्या उंचीवर एक आडवा दांडा होता. तो कठडा.

कोपऱ्यात आई उभी राहणार होती, हे सांगायला नकोच.

शनिवारी दुपार कलल्यावर बायकांनी रिकामी घमेली घेऊन तालीम केली. तालीम म्हणजे खरं तर हौस. वर चढल्यावर गाव कसं दिसतं ते बघायचं, कुणाच्या गच्चीवर काय वाळत घातलंय त्यावर बोलायचं, मोबाईलवर फोटो काढायचे. मग आईने “चला आता” म्हटलं आणि घमेली फिरायला लागली.

मी खाली उभी राहून बघत होते. आधी मला काही वेगळं वाटलं नाही. मग कठडा हलताना दिसला.

घमेलं घेताना माणूस थोडा पुढे झुकतो आणि पुढच्याला देताना मागे रेलतो. जमिनीवर काम असेल तर त्याने काही बिघडत नाही, एक पाय मागे टाकला की झालं. फळीवर पाय मागे टाकायला जागाच नव्हती. सगळ्या जणी भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या आणि पायाऐवजी त्यांची पाठ मागे जात होती, कठड्यावर. साखळीचा ताल असा की सगळ्यांची पाठ एकदमच टेकत होती. दांडा दर वेळी बाहेर वाकायचा आणि परत जागेवर यायचा. हातात रिकामी घमेली असताना ही गत. सोमवारी ती भरलेली असणार होती.

आम्हाला दुसऱ्या वर्षाला बांधकामावरच्या सुरक्षिततेचा एक धडा आहे. परीक्षेला त्यावर फार विचारत नाहीत म्हणून मुलं तो वरवर वाचतात. मला तो नीट आठवत होता, कारण वाचताना मला सारखी गावातली माणसं दिसायची. कठड्याच्या वरच्या दांड्याला कुठेही, बाहेरच्या दिशेने, साधारण नव्वद किलोचा जोर दिला तरी त्याने दगा देता कामा नये. परांचीने तिच्या स्वतःच्या वजनाशिवाय, तिच्यावर येणाऱ्या वजनाच्या चौपट पेललं पाहिजे. पुस्तकात ही दोन वाक्यं दोन ओळींत संपतात.

बायका चहाला खाली उतरल्या. मी आईला बाजूला घेतलं.

“आई, तू कोपऱ्यात टेकतेस.”

“टेकनारच की. वळनावर टेकल्याबिगर अंग फिरत न्हाई.”

“पण तो कठडा एवढं टेकायला बांधलेला नाही.”

“मंग कशाला बांधलाय? शोभेला?”

मी तिला नव्वद किलोचं सांगितलं. रांगेतल्या सगळ्यांचा भार एकदम येतो तेही सांगितलं. ती ऐकताना बशीतला चहा हलवत राहिली. मग म्हणाली, “मला काय सांगती? मिस्तरीला सांग.”

“मी कसं सांगू?”

“तोंडानं.”

मिस्त्री शेजारच्या गावचे. पन्नाशी ओलांडलेला उंच, सडसडीत माणूस. त्यांचे वडीलही परांच्या बांधायचे. आमच्या भागातल्या किती शाळा, किती देवळं आणि त्यांच्या स्वतःच्या गावातलं चर्च त्यांच्या परांचीवरून वर गेलं असेल, ते त्यांनाच ठाऊक. मी त्यांना मामा म्हणते, सगळेच म्हणतात. ते डेअरीच्या ओट्यावर बसून काथ्या भिजवत होते. त्यांच्याजवळ तात्या बसले होते. तात्या म्हणजे आमच्या गावच्या श्रमदानाचे पुढारी. साखळी कुठून सुरू करायची ते तेच सांगतात, आणि त्यांनी सांगितल्यावर सहसा कुणी दुसरं काही सांगत नाही.

मी जवळ गेले, उभी राहिले, आणि काय बोलायचं ते सगळं विसरले.

“काय गं, पास झाली का?” तात्यांनी विचारलं.

“निकाल लागायचाय,” मी म्हटलं. मग एका दमात बोलून टाकलं, “मामा, बायका कठड्याला टेकतात तेव्हा तो बाहेर वाकतोय. सोमवारी घमेली भरलेली असतील. तो टिकेल का, असं वाटलं.”

तात्या हसले. “आगं, आमी साखळी धरायला लागलो तवा तू पाळन्यात पन नव्हतीस. आजवर कोन पडलं का?”

“तेव्हा पाठीमागे जमीन होती, तात्या.”

हे माझ्या तोंडून कसं निघालं कोण जाणे. आवाज अगदी बारीक होता, पण निघालं. तात्यांचं हसू थांबलं. ते रागावले असं नाही म्हणता येणार, पण त्यांनी माझ्याकडे पहिल्यांदाच नीट बघितलं.

मिस्त्रीमामांनी काथ्या खाली ठेवला. मला वाटलं होतं की ते दुखावतील. आयुष्यभर जे काम केलं त्यावर कुणी कालची पोर येऊन शंका काढते, म्हटल्यावर दुखावणं साहजिक होतं. ते म्हणाले, “पुस्तकात किती जोर धरत्यात?”

“वरच्या दांड्याला नव्वद किलोच्या आसपास. कुठंही ओढला तरी.”

“नव्वदच का?”

मी अडखळले. “एखादा माणूस घसरून अंगावर गेला तर तेवढा जोर येऊ शकतो, असं धरत असतील. एका माणसाचा.”

“आनि आपली तर अख्खी रांग हाय,” मामा म्हणाले. मग वर कठड्याकडे बघत राहिले. “मी हलवून बघतो दर टायमाला. हातानं. पन हातानं हलवलं म्हंजी किती किलो झालं, ते काय मला सांगता यायचं न्हाई.” ते उठले आणि कपडे झटकत म्हणाले, “ओढूनच बघू.”

पुढचा तासभर मी जे बघितलं ते मला कुठल्याही प्रयोगशाळेत बघायला मिळालेलं नाही. इमारतीच्या मागे आवारात एक जुना कडुनिंब आहे. मामांनी एका पोराला जुन्या विहिरीवरची कप्पी आणायला पाठवलं आणि स्वतः कडुनिंबावर चढून ती कठड्याच्या उंचीवर, एका जाड फांदीला बांधली. दोराचं एक टोक कठड्याला, दुसरं कप्पीवरून खाली. त्या टोकाला सिमेंटची पोती टांगायची. एक पोतं पन्नास किलोचं, म्हणजे दोन पोती टांगली की नव्वदच्या थोडं वरच. पोती खाली ओढणार, कप्पी त्यांची ओढ आडवी फिरवणार आणि कठडा बाहेर खेचला जाणार. मला हे कागदावर मांडता आलं असतं. पण कागदावर मांडून ते एवढ्या पटकन कडुनिंबावर चढवणं मला जमलं नसतं, आणि नव्वद हा आकडा मामांना हातांनी कळला नसता. दोघांचं मिळून काम चाललं होतं आणि मला त्यात फार आनंद वाटत होता.

“परांचीवर कोन न्हाई ना?” मामांनी दोनदा विचारलं. खालची पोरं त्यांनी हाकलली. चार जणांनी पोती धरून ठेवली होती, ती हळूहळू सोडली.

दोर ताणला. कठडा वाकला, काथ्या करकरला, आणि दांडा तसाच थांबला. कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

“झालं समाधान?” तात्या म्हणाले. “चला, पोती आत ठेवा. रातीचं दव लागंल.”

“मे म्हैन्यात कसलं दव, तात्या?” एक मावशी म्हणाली आणि सगळे हसले.

मला बोलायचं होतं, कारण दोर मधोमध बांधला होता आणि पुस्तकात ‘कुठेही’ लिहिलेलं होतं. पण एकदा बोलून झालं होतं, दुसऱ्यांदा धीर होईना. मी आईकडे बघितलं. ती माझ्याकडे बघतच नव्हती, ती कोपऱ्याकडे बघत होती.

आणि मामाही. ते दोर सोडवून परांचीवर चढले, कोपऱ्यात गेले आणि तिथे उकिडवे बसून गाठ चाचपत राहिले. मग त्यांनी दोर तिथे बांधला, खाली उतरले आणि म्हणाले, “पोती उचला. आजून एकदा.”

“आता कशाला?” तात्या.

“वळनाची बाई तिथं उभी ऱ्हानार हाय.”

पोती सोडली. या वेळी करकर झालीच नाही. कोपऱ्यातला उभा वासा एकदम तिरका झाला, त्यावरची गाठ साबणावरून घसरावी तशी खाली घसरली, दांडा फळीपर्यंत आला आणि पोती धप्पकन जमिनीवर आदळली. एक फुटलं. सिमेंटचा धुरळा उडून आमच्या सगळ्यांच्या पायांवर बसला.

मला तर रडू येईल असं वाटलं. आपलं म्हणणं खरं ठरलं याचा आनंद व्हायला हवा होता, पण मला एवढंच दिसत होतं की त्या जागी थोड्या वेळापूर्वी आई पाठ टेकून फिरत होती.

मामा वर गेले, घसरलेली गाठ हातात घेऊन बघितली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “हा वासा मी जमिनीत पुरलेला न्हाई. मोरीचा पाइप आडवा आला म्हनून दगडावर उभा केला. म्हटलं, कोपरा हाय, दोन्हीकडचे दांडे धरून ठिवतील त्येला. दांडे त्येला धरून हुते आनि त्यो दांड्यांना.” मग आईकडे वळून म्हणाले, “आक्के, तुझ्या पाठीमागं काय हुतं बघून घे. माझ्याच हातचं हाय.”

गावातल्या चाळीस-पन्नास माणसांसमोर स्वतःची चूक एवढ्या सरळ सांगणारा माणूस मी तोवर बघितला नव्हता. कॉलेजात आमचं प्रात्यक्षिक चुकलं तर आम्ही आधी यंत्राला दोष देतो, मग बरोबरच्याला. मामांनी तर आधी कुणी न मागता स्वतःच्या कामाची परीक्षा लावली, आणि मधोमध पास झाल्यावरही जिथे नापास होण्याची शक्यता होती तिथेच दोर बांधला.

आई म्हणाली, “पोती पडली, मी न्हाई पडले. तोंडं बारीक करू नका. ते फुटल्यालं पोतं आधी भरून घ्या.”

दुसऱ्या दिवशी रविवार होता. रविवारी सकाळी मामा चर्चला जातात. म्हणूनच तर स्लॅबचा दिवस सोमवार धरला होता. मला वाटलं, ते आता सोमवारी पहाटेच येतील आणि घाईघाईत कोपरा बांधतील. पण ऊन चढायला लागलं तेव्हा त्यांची मोटारसायकल आळीत शिरली. अंगात चर्चचा पांढरा इस्त्रीचा शर्ट, मागे मामी, मामींच्या मांडीवर डबा.

“शर्ट तरी बदलायचा,” आई म्हणाली.

“मीबी तेच म्हनले,” मामी म्हणाल्या. “तर म्हनत्यात, घरी गेलो तर जेवन हुतं, जेवलो तर झोप लागती.”

त्यांनी शर्ट काढून नीट घडी घालून मामींकडे दिला आणि बनियनवर काम सुरू केलं. पाइप चुकवून हातभर पलीकडे खड्डा घेतला, वासा जमिनीत पुरला, खड्ड्यात दगड ठोकून बसवले. नवा काथ्या पाण्यात भिजवून गच्च आवळून बांधला, कारण तो वाळला की आणखी आवळतो. प्रत्येक उभ्या वाशाला भिंतीकडून तिरका टेका दिला. कमरेच्या दांड्याखाली, गुडघ्याच्या थोडा वर, दुसरा दांडा मारला. हा दुसरा दांडा माझ्या धड्यातही होता, पण मी सांगायच्या आधीच ते तिकडे वळले होते. मी त्यांना फळ्या उचलून देत होते आणि ते मधूनमधून विचारत होते, “हे का सांगितलंय पुस्तकात?” काहींची उत्तरं मला येत होती. काहींची येत नव्हती, तेव्हा मी तसं सांगितलं. ते म्हणायचे, “बरं, इचारून ठिव.”

मग परत दोर आणि कप्पी.

“दोन का तीन?” त्यांनी मला विचारलं.

पुस्तकातल्या आकड्याला दोन पुरे होती. मी म्हटलं, “रांग आहे, मामा.”

“मंग तीन.”

तीन पोती कोपऱ्यात टांगली. वासा हलला नाही. दांडा बोटभर वाकला आणि दोर सोडल्यावर सरळ झाला. मग त्यांनी दोर दोन वाशांमधल्या एकेका गाळ्याला बांधत अख्खी परांची तपासली. दुपार टळली तरी डबा तसाच होता. मामी सावलीत बसून आईशी बोलत होत्या आणि अधूनमधून नवऱ्याकडे बघून मान हलवत होत्या, रागाने की कौतुकाने ते मला ओळखता आलं नाही.

एक प्रश्न उरला होता, फळ्यांवरच्या वजनाचा. कठडा कितीही पक्का केला तरी फळीवर माणसं किती उभी राहणार? मामांच्या हिशेबाने दोन वाशांमधल्या फळीवर घमेल्यांसकट चौघं, त्यावर नाही. मी माणसांचं आणि भरलेल्या घमेल्यांचं वजन धरून चौपटीचा हिशेब केला, तोही चौघांपाशीच येत होता. पण श्रमदानाला घरटी माणूस येतं आणि प्रत्येकाला वर उभं राहायचं असतं. अमक्या घराचा हात स्लॅबला लागला आणि तमक्याचा नाही, असं झालं तर ते वर्षभर निघतं. आणि सगळ्यात आधी वर चढणार होते तात्या, भारदस्त अंगाचे, गुडघे दुखत असलेले.

हे आईने सोडवलं. संध्याकाळी ती तात्यांच्या ओट्यावर गेली. मी बरोबर होते.

“तात्या, मिक्सरपाशी कोन ऱ्हानार उद्या?”

“पोरं हायेत की.”

“पोरं पानी जास्त टाकत्यात. माल पातळ झाला तर स्लॅबचं कालवन हुईल. तिथं दरारा असलेला मानूस पायजे.”

तात्यांनी आईकडे रोखून बघितलं. मग म्हणाले, “मला खाली बसवायला आलीस व्हय?”

“व्हय,” आई म्हणाली.

तात्या असे हसले की घरातून त्यांची सून बघायला बाहेर आली. “बरं. पन मंग बाकीच्यांचं काय करशील?”

“पाळी लावू. साखळी मिक्सरपासनं लांब हाय. खालचे वर, वरचे खाली. सगळ्यांचा हात लागंल. फकस्त एकदम न्हाई.”

सोमवारी उजाडता उजाडता तात्यांनी नारळ फोडला. मामा थोडे बाजूला डोळे मिटून उभे राहिले, मग कपाळ, छाती, खांद्यांना हात लावून परांचीकडे वळले. मिक्सर सुरू झालं. स्लॅब एकदा सुरू झाला की मध्ये थांबवायचा नसतो, अर्धवट थांबला तर जोड कच्चा राहतो. म्हणजे जी काही शंका होती ती आधीच काढायला हवी होती, आता नाही.

मला आईने रिकामी घमेली गोळा करून मिक्सरपाशी न्यायचं काम दिलं होतं. मी घमेली उचलत होते आणि मान वर करून कठडा बघत होते. रांग मागे रेलली की दांडा वाकत होता, पण थोडाच. फळीवर चौघं. पाळी बदलायची वेळ झाली की आई नुसती “हं” म्हणायची आणि खालच्या जणी वर यायच्या. तिची स्वतःची पाळी मात्र बदलत नव्हती. कोपऱ्यातली जागा दुसऱ्या कुणी मागितलीही नाही.

“आगं घमेली घिऊन ये, वर काय बघती? इमान हाय का तिथं?” तात्या मिक्सरपासून ओरडले.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा ते झालं. माल थोडा पातळ आला होता आणि घमेल्याच्या कडा ओल्या होत्या. आईने घमेलं घेतलं, फिरायला लागली आणि ते तिच्या हातातून निसटायला लागलं. तिने ते छातीशी ओढलं आणि तोल जाऊन सगळ्या अंगानिशी, भरल्या घमेल्यासकट, मागे कठड्यावर गेली. माझ्या हातातली घमेली खाली पडली. दांडा वाकला आणि तिथेच थांबला. आई क्षणभर तशीच टेकून राहिली, घमेलं नीट धरलं, अंग फिरवलं आणि डावीकडच्या मावशीच्या हातात दिलं. मावशीला काही कळलंसुद्धा नाही, ती कुणाच्या तरी लग्नातल्या जेवणाबद्दल बोलत होती.

स्लॅबवरून मामांनी ते बघितलं होतं. माल सपाट करायचा लांब पाटा हातात तसाच धरून ते कोपऱ्याकडे बघत उभे होते. मग खाली वाकून माल सारखा करायला लागले.

शेवटचं घमेलं वर गेलं तेव्हा दुपार होऊन गेली होती. सगळे आवारात कडुनिंबाखाली बसले. पिठलं, भाकरी, ठेचा आणि डेअरीतलं ताक. मी आईजवळ बसले. तिच्या लुगड्यावर पाठीला काथ्याचा आडवा ठसा उमटला होता.

“आई, भीती वाटली का?”

“वाटली की. खाली दोघी उभ्या हुत्या. घमेलं सुटलं असतं तर त्यांच्या डोक्यात गेलं असतं.”

“आणि तुझं?”

तिने भाकरीचा तुकडा मोडला. “माझं काय? मागं दांडा हुता की. म्हनून तर घमेलं सोडलं न्हाई.”

मी ताकाचा पेला तोंडाला लावला. एवढ्यात मामा हातपाय धुऊन आले आणि आमच्यासमोर टेकले. आईने त्यांना भाकरी वाढली आणि मला विचारलं, “काल कोपऱ्यात तीन पोती टांगली हुती न्हव? म्हंजी मानसं किती झाली?”

“तुझ्यासारख्या तीन.”

“आनि आज मी एकलीच टेकले?”

“घमेलं धरून एकलीच.”

आईने वर परांचीकडे बघितलं, मनाशी काही हिशेब केला आणि मामांना म्हणाली, “म्हंजी आजून दोघींची जागा वाया गेली.”

मामा घास तोंडात घेता घेता थांबले. “आक्के,” ते म्हणाले, “काय टेकायचं ते टेकून घे. स्लॅबखालचं सेंटरिंग निघालं की परांची सोडनार हाय मी.”